कठड्यातला अर्धा दगड

आमच्या गावच्या पुलाबद्दल कुणी काही विचारलं, की लोक माझ्याकडं बोट दाखवतात. "सरांना विचारा, त्यांना सगळं ठाऊक हाय." मी बावड्याच्या बाजूला एका हायस्कूलवर आयुष्यभर इतिहास शिकवला, त्यामुळं जुनं ते सगळं मला माहीत असतं, अशी गावाची समजूत आहे. खरं सांगायचं तर माझीही तीच होती, आणि तिनंच माझा घात केला. त्या पुलाच्या कठड्यातला एक दगड माझ्या एका ओळीमुळं गेला. तो कसा गेला, याबद्दल मी एका म्हातारीशी खोटं बोललो. एकदाच बोलून थांबलो असतो तर आज एवढं लिहीत बसलो नसतो. मी चार वर्षं बोलत राहिलो.

गाव बावड्याकडून नरसिंहपूरला जाताना लागतं. नाव लिहीत नाही, लिहिलं तर म्हातारी कोण ते सगळ्यांना कळेल. गावाच्या कडेनं ओढा जाऊन नीरेला मिळतो आणि त्या ओढ्यावर पाच कमानींचा दगडी पूल आहे, इंग्रजांच्या काळातला. उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत अजून त्यावरूनच जातात. वरच्या धरणातून नीरेला पाणी सोडलं की ओढा मागं फुगतो आणि पूल एखादा दिवस दिसेनासा होतो. पाणी उतरलं की लोक फावडी घेऊन येतात, कठड्यात अडकलेलं पाचट आणि गाळ काढतात, आणि दुपारपर्यंत वाहतूक सुरू होते. पुलाचं कौतुक असं कुणाला नव्हतंच. तो आहे, एवढंच.

कौतुक मला होतं. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी मुलांची सहल पुलावर नेत असे. लांब न्यायला एस.टी. मिळायची नाही, म्हणून जवळचाच इतिहास. अशाच एका सहलीत पुलावर एक पाथरवट भेटला. दारोदार फिरून पाट्या-वरवंट्यांना आणि जात्यांना टाकी लावून द्यायचा त्याचा धंदा, गावाच्या कडेला त्यांची चार घरं. मुलांना गोळा करून मी कमानींबद्दल काहीबाही सांगत होतो, ते त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग मला बाजूला घेऊन पूर्वेकडच्या कठड्यातल्या एका दगडापाशी नेलं. त्या दगडाची अर्धी बाजू टाकीनं घडवलेली, तिरप्या रेघा एकसारख्या, आणि अर्धी खाणीतून निघाली तशीच, ओबडधोबड.

त्याचा बाप या पुलावर कामाला होता. हा दगड घडवता घडवता त्याला ताप भरला आणि तीन दिवसांत तो गेला. हा तेव्हा आईच्या पोटात. बरोबरच्या पाथरवटांनी उरलेला दगड घडवायला नकार दिला. ज्यानं हात लावला त्याचंच काम, म्हणाले, आणि होता तसाच कठड्यात बसवला. पुलावरच्या गोऱ्या साहेबानंही काही म्हटलं नाही. तेव्हापासून त्यांच्या घरात खंडेनवमीला टाक्या-हातोड्यांची पूजा झाली, की हळदकुंकू घेऊन पुलावर यायचं आणि त्या दगडाची पूजा करायची, अशी रीत पडली. सांगताना त्यानं तळहात दगडावरून फिरवला आणि जिथं रेघा संपतात तिथं थांबवला.

"हितपतोर आमचा बाप हाय, सर," तो म्हणाला. "हितनं फुडं नुसता दगड."

मी ते वहीत लिहून घेतलं. त्याच्यासमोर, उभ्या उभ्या. त्याला इतकं बरं वाटलं की त्यानं आमच्या घरच्या पाट्याला पुढं कधी पैसे घेतले नाहीत.

यानंतर तीसेक वर्षं गेली. तो पाथरवट वारला. मिक्सर आले, पाटे परसात गेले. मी निवृत्त झालो आणि माझ्या हातात वेळ आणि अंगात शिष्टपणा दोन्ही वाढले. पुलाची दुरुस्ती व्हावी म्हणून मी अर्ज केले, दहा ठिकाणी नाक खुपसलं, आणि एक दिवस खरंच दुरुस्ती मंजूर झाली. माहितीचा एक लांबलचक तक्ता भरून द्यायचा होता, आणि तो कुणी भरायचा, तर सरांनी. लांबी, रुंदी, कमानी, झाडं उगवलेले सांधे, खराब झालेले दगड. काम सोपं होतं पण जागेवर उभं राहून करायचं होतं, खडूनं खुणा करत, एकेका दगडाला हात लावत.

एप्रिलचं ऊन होतं. मी दहा मिनिटांत मोबाइलवर तीस-चाळीस फोटो काढले आणि बारामतीला मुलाकडं आठ दिवस राहायला गेलो. तिथं त्याच्या फ्लॅटमध्ये एसीखाली बसून, फोटो बोटांनी मोठे करकरून मी तक्ता भरला. बायको शेजारी भाजी निवडत होती. ती म्हणाली, "दहावीचे पेपर असे तपासले असते तर?" मी हसलो. आयुष्यभर पाट्या टाकणाऱ्यांना नावं ठेवली आणि शेवटी स्वतः पाट्याच टाकल्या. त्या फोटोंत एक दगड अर्धा गुळगुळीत आणि अर्धा ओबडधोबड दिसत होता. मी लिहिलं, 'पूर्वेकडील कठड्यातील एक दगड अर्धा फुटलेला आहे, बदलावा.' एवढी बारीक गोष्ट आपल्या नजरेतून सुटली नाही म्हणून मी स्वतःवर खूषही झालो.

मला आठवलं नाही. हे मी कितीही वेळा स्वतःला सांगितलं तरी त्यानं काही फरक पडत नाही. पुलावर गेलो असतो, दगडाला हात लावला असता, तर नक्की आठवलं असतं. ऊन लागेल म्हणून मी गेलो नाही.

मे महिन्यात काम झालं. कामगार बाहेरचे होते, पण चांगले होते. तक्त्यात जे लिहिलं होतं ते त्यांनी इमानानं केलं. सांध्यांतली पिंपळाची रोपं मुळासकट काढली, चुना भरला, एक कमान नीट केली, आणि अर्धा दगड काढून त्या जागी नवा बसवला. नवा दगड इतका बेमालूम बसला होता की मी त्यावर हात मारून "शाबास" म्हटलं. समारंभ झाला. मला शाल मिळाली, मी भाषण केलं, त्यात पूर्वजांचा वारसा हे शब्द तीन वेळा आले.

त्या पावसाळ्यात पूल दोन दिवस पाण्याखाली होता. मग नवरात्र आलं आणि खंडेनवमीच्या सकाळी मी सहज फिरत पुलाकडं गेलो, तर कठड्यापाशी त्या वारलेल्या पाथरवटाची म्हातारी बायको उभी होती. ऐंशीच्या आसपासची, पाठीतून वाकलेली, हातात ताट, ताटात हळदकुंकू, नारळ, झेंडूची फुलं. एरवी तिचं या बाजूला येणं व्हायचं नाही, वर्षातून एकदाच. तिचा मुलगा लांब एमआयडीसीत कामाला, तो वर्षातून दोनदा यायचा. दगड बदललाय हे गावात कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं, मग तिला सांगणार कोण. ती कठड्यावरून हात फिरवत या टोकापासून त्या टोकापर्यंत जात होती आणि परत येत होती. मला बघून थांबली.

"सर, बरं झालं तुमी आला. मामंजींचा दगड दिसंना. माझी नजर गेली का काय?"

तेव्हा आठवलं. सगळं एकदम आठवलं, रेघा, तळहात, वही. ती माझ्याकडं विश्वासानं बघत होती.

"तुमच्या वहीत लिवलंय न्हवं," ती म्हणाली. "मालक म्हणायचं, सरांनी लिवून घेतलंय, आता काय काळजी न्हाय."

खरं सांगायला एकच वाक्य पुरलं असतं. 'मावशी, माझ्या चुकीनं गेला.' मुलांना मी हेच शिकवत आलो होतो, चूक झाली तर उभं राहून कबूल करा. पण माझ्या तोंडून भलतंच निघालं.

"यंदा पाणी किती आलं होतं ते बघितलंत ना, मावशी? पुरात गेला तो. म्हणून तिथं नवा बसवावा लागला."

ती ओढ्याच्या पाण्याकडं वळली. मला वाटलं रडेल. ती रडली नाही.

"नदीनं नेला व्हय," ती म्हणाली. "मग चांगल्या हातात गेला."

आणि ती पुलाच्या बाजूनं खाली पाण्याकडं उतरायला लागली. वाट निसरडी होती. मी तिचा हात धरला, दुसरं काय करणार. काठावर तिनं पाण्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ सोडला, फुलं सोडली. तोंडानं काही पुटपुटली, त्यात 'मामंजी' एवढंच मला कळलं. मग डोळे मिटून हात जोडले. मीही जोडले.

घरी येऊन मी माळ्यावरच्या पेटीतून ती वही काढली. गोष्ट होती, अक्षर माझंच होतं. खाली मीच लाल शाईनं शेरा मारला होता, 'छान. पुलाची माहिती लिहिताना घ्यावे.' शेरा वाचून मला स्वतःची इतकी शरम वाटली की वही परत पेटीत अगदी तळाशी घातली.

पुढच्या वर्षी खंडेनवमीला म्हातारी माझ्या दारात आली. "सर, वड्यापतोर सोडता का? तुमीच तेवढं जाणता." मी स्कूटर काढली. त्याच्या पुढच्या वर्षी तिला यावंच लागलं नाही, मीच सकाळी तिच्या दारात जाऊन हॉर्न वाजवला. येताना मी बाजारातून झेंडूही आणायला लागलो. गावात बोललं जाऊ लागलं की सर म्हणजे देवमाणूस, कुणाची कोण ती म्हातारी, पण दर वर्षी ओढ्यावर नेऊन आणतात. बायको घरी म्हणायची, "देवमाणूस, चहा गार होतोय." तिला दगडाचं काही माहीत नव्हतं. आणि मला ते कौतुक आवडायला लागलं होतं, हे इथं लिहिलंच पाहिजे. आतून लाज वाटायची आणि वरून छाती फुगायची, दोन्ही एकाच वेळी. माणसाला असं होऊ शकतं हे मला साठी ओलांडल्यावर कळलं.

सांगावं असं दर वर्षी वाटायचं. नवरात्र बसलं की जेवण कमी व्हायचं. पण मी स्वतःला समजवायचो, की तिला आता समाधान मिळालंय, ते कशाला हिरावून घ्यायचं? मी तिच्या समाधानाची काळजी करतोय, असं मला खरंच वाटायचं. मी माझीच काळजी करत होतो. तिनं गावात सांगितलं असतं तर सरांची किंमत काय राहिली असती?

यंदा श्रावणात मात्र पळवाट संपली. आमच्या गावात एक छोटं सार्वजनिक वाचनालय आहे, दोन खोल्यांचं. पोरंपोरी स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात आणि आम्ही म्हातारे पेपर वाचतो. पुलाचं काम झालं त्याच उन्हाळ्यात वाचनालयाचा ओटाही दुरुस्त झाला होता. त्या ओट्याच्या खालच्या पायरीवर चपला काढायच्या आणि आत जायचं, हा माझा रोजचा नेम. त्या दिवशी पाऊस पडून गेला होता आणि येतानाच चपलेचा अंगठा तुटला, म्हणून चपला हातात घेऊन मी अनवाणी पायरीवर पाय ठेवला. टाचेखाली गुळगुळीत लागलं आणि बोटांखाली खडबडीत.

मी खाली बसलो. चिखल हातानं पुसला. तिरप्या रेघा एकसारख्या होत्या आणि मध्येच थांबल्या होत्या.

पुलावरून काढलेला दगड रस्त्याच्या कडेला पडला होता, ओट्याला एक दगड कमी पडत होता, कुणीतरी तो उचलून लावला. त्यात कुणाचा दोष नाही, तक्त्यात तो फुटका दगडच होता. पण त्याच्यावर मी चार वर्षं रोज सकाळी पाय दिला, चपला काढल्या, छत्री झटकली. त्या दिवशी पेपर न वाचताच घरी आलो. पुढचे आठ दिवस गेलोच नाही, तब्येत बरी नाही म्हणून सांगितलं. शेवटी बायकोला सगळं सांगितलं, पहिल्यापासून. तिनं गॅस बंद केला. मग म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? जिला सांगायचं तिला सांगा." आणि तिनं माझी चेष्टा केली नाही, त्यामुळं मी जास्त घाबरलो.

तरीही नवरात्र बसेपर्यंत मी दिवस ढकलले. तिसऱ्या माळेला दुपारी म्हातारीच्या घरी गेलो. ती दारात बसून शेंगा फोडत होती. मला बघून तिनं पोतं सरकवलं आणि म्हणाली, "या सर. खंडेनवमीला अजून सा दिस हायती."

मी बसलो नाही. बसलो असतो तर पुन्हा इकडचं तिकडचं बोललो असतो. उभं राहूनच सांगितलं. तक्ता मी भरला, पुलावर न जाता भरला, दगड फुटका म्हणून मी लिहिला, पुरानं नेला नाही, मी खोटं बोललो. बोलताना माझा आवाज वर्गात उत्तर न येणाऱ्या मुलासारखा झाला होता. ती शेंगा फोडत राहिली. सगळं सांगून झाल्यावर तिनं सूप बाजूला ठेवलं.

"आता कुठं हाय?"

"वाचनालयाच्या पायरीला."

ती उठली. मी स्कूटरकडं वळलो तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. चालत जाऊ." अंतर जास्त नाही, पण तिच्या चालीनं वेळ लागला.

पायरीवर अभ्यासाच्या मुलांच्या चपला पडल्या होत्या. म्हातारीनं त्या एकेक उचलून जोड्या लावून बाजूला ठेवल्या आणि आपली वहाणही काढून त्यांच्यातच ठेवली. मी पुढं झालो, तर तिनं हातानंच मला थांबवलं. पदरानं दगड पुसला. रेघांवरून बोटं फिरवली, अगदी सावकाश, आणि रेघा संपल्या तिथून पुढंही फिरवली. खिडकीतून दोन पोरी बघत होत्या, त्यांना काय चाललंय ते कळत नव्हतं.

"मी उद्याच काढायला लावतो, मावशी," मी म्हणालो. "नवा काढून हा परत पुलावर बसवू. चूक माझी आहे असं ग्रामसभेत सांगतो."

"नव्याला काढायचा? त्यो बी कुणीतरी घडीवलाय की." ती पायरीच्या कडेला टेकली. "मामंजींनी लोकांच्या कामी यावा म्हणूनच घडीवला हुता. पूल काय आन् पायरी काय. हितं तर पोरं शिकाया येत्यात. दगडाचं मला कायबी वाईट वाटत न्हाय, सर."

माझा जीव भांड्यात पडला. खरंच पडला, हे लिहायला मला लाज वाटते. मी कपाळावरचा घाम पुसला आणि काहीतरी म्हणणार होतो, बहुतेक तिचे आभार.

"पर चार वर्सं," ती म्हणाली, "मी पान्याला नारळ वाहत हुते, मामंजी म्हनून. तवा तुमी माझ्या शेजारी हुबं ऱ्हाऊन हात जोडत हुता."

"हो."

तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"ते कुणाला जोडत हुता, सर?"

आयुष्यभर मी वर्गात प्रश्न विचारून मुलाच्या उत्तराची वाट बघत उभा राहिलो. म्हातारीनं तेवढी वाट बघितली नाही. गुडघ्यावर हात ठेवून ती उठली, बाजूला ठेवलेल्या चपलांतून आपली वहाण शोधून पायात घातली, आणि मी हात पुढं केला तो न धरता घराकडं चालायला लागली.